वय तेहतीस, फर्स्ट इयर, विषय सायकॉलॉजी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. धुण्याच्या टोपलीत मोजे साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस टोपली उपडी केली की कळतं, अरे बापरे, इतके कधी झाले! परवा वैदेहीचा फोन आला आणि आम्ही दोघी तासभर नुसत्या हसत होतो. हे आत डोकावून विचारून गेले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, कॉलेज!” आणि परत हसायला सुरुवात. तेव्हाच ठरवलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

मी कराडकडची. बारावी झाली, लग्न झालं, आणि आमचे हे फौजेत. त्यामुळं कॉलेज राहिलं ते राहिलंच. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर, नवा गॅसवाला. मग झाशीला पोस्टिंग आली. छावणीत क्वार्टर मिळालं, लेक स्वरा तिसरीत गेली, आणि एक दिवस हे जेवताना म्हणाले, “इथून आपण एवढ्यात हलत नाही. घे ॲडमिशन.”

“या वयात?”

“या वयात मला रोज पहाटे पळवतात. तुला नुसतं बसायला काय होतंय!”

कॉलेजच्या खिडकीतल्या क्लार्कनं इतिहास लिहिला, समाजशास्त्र लिहिलं, आणि पेन थांबवून मला आपादमस्तक बघितलं. “तीसरा होम साइंस लिख दूँ, बहन जी?”

मी म्हटलं, “वो तो घर पे करती ही हूँ, भैया. साइकोलॉजी लिखिए!”

*

पहिल्या दिवशी मी साडी नेसून गेले. चूक तिथंच झाली! कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स, हातात जाडजूड पुस्तक. वर्गात पाय टाकला आणि अख्खा वर्ग धाडकन उभा.

“गुड मॉर्निंग, मैम!”

तोंडातून निघून गेलं, “बैठिए, बैठिए.” आणि बसले की हो सगळे! मग मी मान खाली घालून हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. सगळा वर्ग वळून बघतोय. मी स्वतःशीच पुटपुटले, “अगं बाई, आता गं काय करायचं!”

शेजारच्या मुलीनं झटकन मान वळवली. “तुम्ही मराठी आहात?”

ही वैदेही. खंडेराव गेटपाशी हिचं घर. घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलं आणि इकडचंच होऊन गेलं. तिची मराठी म्हणजे एक वेगळीच मजा! भिंतीतल्या कपाटाला ‘फडताळ’ म्हणायची, जो शब्द मी फक्त माझ्या आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेला. आणि पुढच्या श्वासात, “ताई, फडताळाची चाबी गुम झाली!”

तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या. सक्सेना मॅडम. बारीक अंगकाठी, मोठा चष्मा. त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. वर्ग जागचा हलेना. मॅडमनी भुवया उंचावल्या. “क्यों भई, यहाँ खड़े होने का रिवाज नहीं है?”

मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “मैडम जी, एक बेर तो ठाड़े हो गए!”

म्हणजे, एकदा उभं राहून झालंय की, आता परत कशाला! ही कमलेश. समथरची. झाशीत मामाकडं राहून शिकत होती. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी, आणि आवाज असा की सभेला माईक नको. त्या दिवसापासून आम्ही तिघी एका बाकावर.

*

मी सायकॉलॉजी घेतल्याची बातमी छावणीत एका संध्याकाळीत पसरली. शेजारच्या क्वार्टरमधल्या नेगी भाभी आल्या त्या थेट तळहात पुढं करूनच.

“बताओ, अगली पोस्टिंग पहाड़ की तरफ़ आएगी क्या?”

“भाभी, ये हाथ देखने वाला विषय नहीं है. ये मन का है.”

“मन का?” भाभींनी ओढणी सावरली आणि दोन पावलं मागं सरकल्या. “तो मैं बाद में आती हूँ.” पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना त्या भाजीवाल्याच्या गाडीकडं बघत बोलायच्या!

आमचे हे मात्र धीट. खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “सांग. माझ्या मनात आत्ता काय चाललंय?”

“चहा.”

ह्यांनी तोंडात बोट घातलं. “आयला! पहिल्याच आठवड्यात?”

मी म्हटलं, “अहो, लग्न झाल्यापासून या वेळेला तुमच्या मनात दुसरं काही आलेलं मी बघितलं नाही!”

*

आमचं पहिलं प्रॅक्टिकल होतं निरर्थक शब्दांचं. ज्यांना काहीच अर्थ नाही असे शब्द माणसाच्या लक्षात किती राहतात, ते बघायचं. अर्थ असला की लक्षात राहणं सोपं, नसला की अवघड, हे त्यातून दिसायला हवं. एक गोल फिरणारं यंत्र असतं, त्याच्या फटीतून एकेक शब्द दिसतो आणि जातो. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला म्हणतात ‘प्रयोज्य’. माझी प्रयोज्य कमलेश.

शब्द मॅडमनी स्वतः तयार केलेले. लुप, झोम, टिरु, गबे, असले. यंत्र एकदा फिरलं. मी म्हटलं, “बताओ, कितने याद हैं?”

कमलेशनं सगळे सांगितले. ओळीनं! आमच्या आजूबाजूला कुणाला चार आठवत होते, कुणाला पाच. मॅडम धावत आल्या. “पहले से देख रखे थे?”

“नईं मैडम जी. जे तो सब हमाए घर के नाव हैं.”

“झोम?”

“हमाई भैंस.”

“टिरु?”

“मँझले कक्का. असली नाव तो कक्की खों भी पता नईंयाँ!”

म्हणजे, मधल्या काकांचं खरं नाव काकूलासुद्धा ठाऊक नाही! मॅडमनी दुसरी यादी काढली. पहिलीपेक्षा अवघड, नुसते आवाजच म्हणा ना. कमलेशनं तीही धडाधड सांगितली. ‘ढुप’ म्हणजे त्यांची पिठाची चक्की सुरू होते तो आवाज. ‘छुर’ म्हणजे डाळीला फोडणी. ‘खिस’ म्हणजे मामी हसते ते!

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “लिख दो रिपोर्ट में,” त्या मला म्हणाल्या, “बुंदेलखंड में निरर्थक कुछ है ही नहीं!”

*

मग आला कुत्र्याचा धडा. खाणं देण्याआधी दर वेळी घंटा वाजवत गेलं, की काही दिवसांनी नुसत्या घंटेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मी तर हे वाचून उडालेच! इतकं सोपं? करून बघायलाच हवं. घरात कुत्रा नव्हता. पण नवरा होता, आणि लेक होती.

देवघरातली घंटा मी ओट्यावर आणून ठेवली. रोज संध्याकाळी घंटा वाजवायची आणि लगेच कांदाभजीची बशी पुढं करायची. का वाजवते ते कुणाला सांगितलं नाही. दोघंही खूश. हे तर म्हणाले, “हा विषय चांगला आहे तुझा.”

असं आठवडाभर चाललं. मग रविवार आला. रविवारी युनिटची मंदिर परेड असते. पुढं जवान ओळीनं मांडी घालून, सगळ्यांच्या पुढं सीओ साहेब, मागं आम्ही बायका आणि मुलं. पंडितजींनी प्रवचन संपवलं. सगळं शांत. टाचणी पडली तर ऐकू येईल. पंडितजींनी आरतीची घंटा उचलली आणि वाजवली.

“मम्मी, भजी?”

स्वरा! आवाज अख्ख्या मंदिरात घुमला. मी तिचं तोंड दाबतेय, नेगी भाभी पदर तोंडात कोंबतायत, आणि मी घाबरून पुढं बघितलं तर दुसऱ्या ओळीत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान वळवली होती. रागानं नव्हे हो! डोळ्यांत तोच प्रश्न!

सक्सेना मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीत मागं रेलून हसल्या. “अब विलोपन कीजिए.” म्हणजे सवय मोडायची. घंटा वाजवत राहायची, पण भजी द्यायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी घंटाच लपवून ठेवली.

*

हा अगदी छोटासा. मानसिक आजारांचा धडा सुरू झाला आणि आठवड्यात अख्खा वर्ग आजारी! ज्यानं जो परिच्छेद वाचला, त्याला तो आजार झालेला. वैदेहीला दाराची कडी दोनदा तपासायची सवय होती, ती रडवेली. कमलेशला वाटलं आपल्याला भास होतात, कारण मामी नसतानाही मामीची हाक ऐकू येते. मी स्वतः तीन आजार निश्चित केलेले, फक्त ह्यांना सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघी घाबरत घाबरत मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “नींद आती है? भूख लगती है? आपस में हँसती हो?”

“जी.”

“तो एक ही बीमारी है, फर्स्ट ईयर. असाइनमेंट जमा करो, उतर जाएगी!”

*

आरशातलं चित्र काढायचा प्रयोग ज्यानं केलाय त्यालाच कळेल. कागदावर एक चांदणी छापलेली असते. ती थेट दिसत नाही, मधे आडोसा असतो. समोरच्या आरशात बघत तिच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं! हात वर न्यावा तर खाली जातो.

या वेळी मॅडम म्हणाल्या, प्रयोज्य बाहेरचा आणा. ह्यांची त्या दिवशी सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट, चकाचक बूट, अशा थाटात आले. वर्गातल्या पोरी “जीजाजी नमस्ते, जीजाजी नमस्ते” करून नुसत्या चिवचिवत होत्या. मी कडक चेहऱ्यानं सूचना वाचून दाखवल्या. ह्यांनी पेन्सिल उचलली, आणि मी स्टॉपवॉच दाबलं.

पहिल्याच कोपऱ्यावर हात अडला. वळेचना. ह्यांना घाम फुटला. ज्या माणसाच्या एका आवाजावर मैदानावरची अख्खी तुकडी गर्रकन वळते, त्याचा स्वतःचा हात वळेना! पोरी श्वास रोखून बघतायत. शेवटी ह्यांचा संयम सुटला आणि ते स्वतःच्याच हातावर गरजले,

“पीछे... मुड़!”

खिडकीतली कबुतरं उडाली! आणि खरं सांगते, बाजूच्या बाकावरचा एक पोरगा गर्रकन वळला!

प्रयोग संपल्यावर प्रयोज्यानं लिहून द्यायचं असतं, की करताना आपल्या मनात आत नेमकं काय काय चाललं होतं. राग, भीती, कंटाळा, जे असेल ते. बाकीच्यांच्या प्रयोज्यांनी पान पान भरून लिहिलं. ह्यांनी बराच वेळ विचार केला, एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

‘सब ठीक है. कोई शिकायत नहीं.’

*

आता वैदेहीचा. हा सांगायला तिची परवानगी घेतली आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला तिच्यासाठी ग्वाल्हेरचं एक स्थळ आलं. मराठी, ओळखीतलं, सगळं चांगलं. पण वैदेहीला एम.ए. करायचं होतं, आणि ती मंडळी स्पष्ट बोलली होती की लग्नानंतर शिक्षण नाही. वडिलांना तोंडावर नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. वडील माणूस मोठा सज्जन, पण मुलगी बोलल्याशिवाय त्यांना कसं कळणार? आदल्या दिवशी तिनं माझा हात धरला. “ताई, तुम्ही या ना. मला काही नाही बोलता आलं तर निदान बगलमधे कोणी बसलेलं असेल.”

गेले. बैठकीत मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची आत्या. सगळी सूत्रं आत्याकडं. पोहे आले. आत्याबाईंनी सुरुवात केली, “काय गं, काय शिकतेस?”

“मानसशास्त्र,” वैदेही म्हणाली.

आणि काय सांगू, खोलीतली हवाच बदलली! मुलाचे वडील पुढं वाकून बसले होते, ते सरळ झाले. आईनं पदर नीट केला. मुलानं हात खिशात घातले, मग बाहेर काढले, मग कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. वैदेही घाबरलेली होती, म्हणून ती नुसती बघत राहिली. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं. आणि घाबरली की सक्सेना मॅडमसारखं “हूँ” म्हणायची तिला सवय लागली होती.

आत्याबाई म्हणाल्या, “आमच्याकडं सुनांना काही त्रास नाही हो.”

“हूँ,” वैदेही म्हणाली.

“म्हणजे... तसा थोडाफार सगळीकडंच असतो.”

“हूँ.”

मुलाची आई चटकन म्हणाली, “तो तर मोठ्या सुनेचाच स्वभाव...” आणि आत्याबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की बिचारी गप्प. मी पोह्यांच्या बशीत मान घातली. वर बघायची सोयच नव्हती! वैदेहीचे वडील मात्र एकदम सावध झाले होते. ते आता मुलीकडं नाही, पाहुण्यांकडं बघत होते.

आत्याबाईंना राहवेना. “असं काय बघतेस गं?”

“काही नाही,” वैदेही म्हणाली, “मी तर फक्त निरीक्षण करून राहिली आहे.”

मंडळी चहा न घेता उठली! ग्वाल्हेरहून दोन दिवसांत निरोप आला, “मुलगी चांगली आहे, पण फार खोल आहे.”

तिच्या वडिलांनी फोन ठेवला, थोडा वेळ येरझारा घातल्या आणि मग लेकीला विचारलं, “तुला करायचं तरी काय आहे, बेटा?” आणि वैदेहीनं सांगितलं. पहिल्यांदा, सगळं, एका दमात! दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती गरम जिलबीचा पुडा घेऊन आली. कमलेश तो पुडा डोक्यावर धरून वर्गभर नाचली. “हमाई बिन्नू खोल है! हमाई बिन्नू बहुत खोल है!” बिन्नू म्हणजे तिकडं लाडाची बहीण. खोल म्हणजे काय, हे तिनं नंतर विचारलं.

*

आणि आता वर्षाच्या शेवटचं प्रॅक्टिकल.

परीक्षक बाहेरून आलेले. उंच, पांढरे केस, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. सकाळपासून जी मुलगी आत जाईल ती डोळे पुसत बाहेर येत होती. एकीला म्हणे त्यांनी तोंडावर सांगितलं, “अगले साल फिर मिलेंगे.” व्हरांड्यात पोरी भिंतीला टेकून नोट्स पुटपुटत होत्या. कमलेशसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा.

त्यांचा नियम असा, की प्रयोज्य बाहेरचा हवा. वर्गातला चालणार नाही. मी ह्यांना सांगून ठेवलं होतं, पण पहाटेच ह्यांना बबीन्याला फायरिंग रेंजवर जायचा हुकूम आला. नेगी भाभी गावाला गेलेल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी एकटीच आत गेले.

“प्रयोज्य कहाँ है?”

“सर, फायरिंग रेंज पर.”

“कहाँ?”

मी सगळं सांगितलं. प्रयोज्य नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि हे काहीही म्हणोत, फौजेत पुढच्या वर्षी आम्ही कुठल्या गावात असू ते कोण सांगणार? सक्सेना मॅडम काहीतरी बोलायला उठल्या. परीक्षकांनी हातानंच त्यांना थांबवलं, घड्याळ बघितलं, खुर्ची ओढली आणि माझ्या समोर येऊन बसले.

“समय जा रहा है. मुझ पर कीजिए.”

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं.

माझा प्रयोग होता शब्द-साहचर्याचा. मी एक शब्द म्हणायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि किती वेळ लागला ते मी लिहायचं. मी सूचना वाचायला सुरुवात केली. “मैं एक-एक शब्द बोलूँगी. सुनते ही जो पहला शब्द मन में आए...”

“मालूम है, मालूम है. आगे चलिए.”

मला काय झालं कोण जाणे. स्वराला अभ्यासाला बसवताना लागतो तो आवाज माझ्या तोंडून निघाला. “सर, प्रयोज्य बीच में नहीं बोलता.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “जी.”

मी स्टॉपवॉच हातात घेतलं.

“पेड़.”

“छाया.”

“नदी.”

“बेतवा.”

“रेल.”

“लेट.” मॅडमना हसू आवरेना. सुरकुती काही हलली नाही.

“रोटी.”

“गरम.”

“परीक्षा.”

उत्तर नाही. स्टॉपवॉच टिकटिक करतंय. मी मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते. तिथं एक कडुनिंब आणि पोरांच्या सायकली, बाकी काही नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅडमनी हसणं थांबवलं. मी पुढचा शब्द वाचायला हवा होता का, घड्याळ थांबवायला हवं होतं का, मला काही आठवेना.

मग ते अगदी हळू म्हणाले, “बाबूजी.”

मी लिहून घेतलं. “सर, आगे बढ़ूँ?”

“नहीं. बस.” त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

“और वाइवा, सर?”

“हो गया.”

ते उठले आणि स्वतःच दार उघडून व्हरांड्यात गेले. पोरी दचकून उभ्या राहिल्या. त्यांनी चपराशाला हाक मारली, “भैया, यहाँ कुर्सियाँ डलवाओ. और पानी.” मग पोरींकडं वळले. “सुबह से किसी ने कुछ खाया है? पहले पानी पी लो. फिर आराम से आना. जो नहीं आता, कह देना नहीं आता. मैं डाँटूँगा नहीं.”

आणि आत निघून गेले.

मग कमलेशनं माझा दंड गच्च धरला. आयुष्यात पहिल्यांदा ती कुजबुजत होती.

“दीदी, तुमने का कर दओ साब खों?”